डबीचं काम

बोनकोडे, कोपरखैरणे
बुधवार, ८ ऑक्टोबर १९९७

प्रिय मधुकर,

‘प्रिय’ लिहिताना पेन थोडं थांबलं. पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला कुणी शिकवलेलं नाही, आणि खोडाखोड केलेला कागद मी कुणाला देत नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा राहू दे. पाकिटावर तुझ्या नावाखाली ‘टेक्निकल डायरेक्टर’ लिहिलंय, एकही अक्षर न गाळता. रजिस्टर पोस्टाने टाकतोय, पोचपावतीसह. म्हणजे मिळालंच नाही असं नंतर व्हायला नको. शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. त्या दिवशी खंडेनवमी, तळोज्याला तुमच्या कारखान्यात हत्यारांची पूजा असेल, तू फोटोसाठी हळदीकुंकवाच्या ताटाजवळ उभा असशील. पूजा उरकून घे. मग वाच. बसून वाच.

आधी घरचं सांगतो. सात वर्षांत पत्र नाही म्हणून रीत सोडावी असं काही नाही. सखूचे गुडघे दुखतात, पण दुपारचा डबा अजून तीच घेऊन येते, आणि मी जेवेपर्यंत स्टुलावर बसून राहते. ज्ञानेश्वरी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला गेली. इलेक्ट्रॉनिक्सच. तू तिला शेवटची बघितलीस तेव्हा ती आपल्या वर्कबेंचखाली बसून तुटक्या रेझिस्टरांच्या माळा करायची. गाळा तोच आहे, शेवंताबाईचा. म्हातारी ठणठणीत आहे. परवाच विचारत होती, “तुजा तो चश्मेवाला दोस्त आताशा येत नाय. हाय ना जिवंत?” मी म्हटलं, आहे, मोठा माणूस झालाय. ती म्हणाली, “मोठा झाला म्हनून काय वाट इसरला?” बाहेरची पाटीही तीच, ‘एच. एम. इलेक्ट्रॉनिक्स’. त्यातला ‘एम’ मी काढला नाही. नवीन गिऱ्हाइकांना वाटतं हौसेराव मोहितेचंच ते लघुरूप. मी कुणाचा गैरसमज दूर करत नाही.

आता अठ्ठावीस सप्टेंबर. बोलावणं साडेदहाचं, सुरुवात अकरा वाजून दहा मिनिटांनी. वाशीच्या समाजमंदिराचा हॉल, विक्रेता संघाचे अडतीस दुकानदार, चहा, बटाटेवडे, आणि स्टेजवर निळ्या मखमलीखाली तुझं ‘गगन-३२’. मला बाबासोंनी बोलावलं होतं. संघाचे अध्यक्ष ते, त्यांच्या सगळ्या दुरुस्त्या माझ्याकडे येतात. म्हणाले, नवीन वस्तू आहे, उद्या बिघडली तर तुमच्याकडेच येणार, बघून ठेवा. ज्ञानेश्वरीला मी मुद्दाम घेऊन गेलो. म्हटलं चल, टीव्ही गेमची नवी पिढी कशी दिसते ते बघ. तिसऱ्या रांगेत बसलो आम्ही. तू मखमल ओढलीस तेव्हा टाळ्या झाल्या, त्यात माझ्याही होत्या. कॅबिनेट देखणं आहे, यात वाद नाही. काळा रंग, गोल कडा, झाकणावर सोनेरी अक्षरात ‘नेक्स्ट जनरेशन’. तू बोललासही छान. बत्तीस बिट, परदेशात हेच चालतं, आठ बिटवाले जुने डबे आता भंगारात टाका, या दिवाळीला शेल्फवर फक्त नवी पिढी.

मी हात वर करून एकच प्रश्न विचारला. आतली चिप कितीची? भांडण म्हणून नव्हता विचारला. उद्या गिऱ्हाईक मला हेच विचारणार म्हणून विचारला. तू हसलास आणि म्हणालास, आता तसले हिशेब राहिले नाहीत, पिढी ही अनुभवावरून ठरते, रंगांवरून ठरते, आवाजावरून ठरते. तेव्हा मी उभा राहिलो. हॉलमध्ये इंजिनिअर कमी, दुकानदार जास्त, म्हणून मला जमतं त्या भाषेत सांगितलं. म्हटलं, आठ बिट म्हणजे आठ हमाल. एका खेपेला आठ गोण्या ट्रकमधून उतरतात. बत्तीस बिट म्हणजे बत्तीस हमाल, एका खेपेला बत्तीस गोण्या. पिढी बदलली म्हणायचं तर हमाल वाढले पाहिजेत. आठच हमालांना नवीन शर्ट घालून उभं केलं तर ट्रक लवकर रिकामा होत नाही. माझ्यामागे कुणीतरी “बरोबर आहे” म्हणालं. ते तू ऐकलंस. तुझा चेहरा मला दिसत होता.

मग तू माईक तोंडाशी नेलास. “हौसेराव मिस्त्री, तुर्भ्याची हमाली तुर्भ्यात ठेवा. पिढी स्क्रूड्रायव्हरने मोजत नसतात.”

हॉल हसला. अडतीसपैकी एकतीस जण. मी मोजले. बाबासोसुद्धा हसले, वडा हातात धरून. माझा बाप आधी मस्जिद बंदरला आणि मग तुर्भ्याच्या कांदाबटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहता वाहता गेला, हे त्या हॉलमध्ये दोनच माणसांना माहीत होतं. एक तू, आणि एक तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसलेली त्याची नात. तुझं तेवढ्यावर भागलं नाही. हशा ओसरायच्या आत तू मशीन उचलून सगळ्यांना त्याची खाच दाखवलीस आणि म्हणालास, “हे आठ बिटवालं असेल तर जुनी कॅसेट यात बसवून दाखवा. बसते? नाही ना बसत? मग जुनी पिढी कशी?” तेव्हा टाळ्या पडल्या. खाली बसताना माझ्या खुर्चीचा आवाज झाला, तोही लोकांना ऐकू गेला असणार.

परत येताना ज्ञानेश्वरी स्कूटरवर मागे बसून होती. कोपरखैरण्याचा नाका आला तेव्हा म्हणाली, “बाबा, त्यांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही.” मी म्हटलं, तुला कळलं ना? ती म्हणाली, “मला कळलं. हॉलला नाही कळलं.” मधुकर, तू जे काही माझं नेलंस त्यातलं मला काही परत नको. पण हे मला हवं आहे. हॉलला कळलं पाहिजे. त्याच हॉलला, त्याच एकतीस जणांना, आणि ती तिसऱ्या रांगेत बसलेली असताना.

‘मिस्त्री’ हा शब्द तुझ्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला असं समजू नकोस. नव्वद सालच्या जूनमध्ये तळोज्याच्या त्या ऑफिसात तू आपल्या टीव्ही गेमचा सर्किट बोर्ड टेबलावर ठेवलास, आणि कंपनीच्या साहेबांनी विचारलं, हा बोर्ड कुणी बनवला? तू म्हणालास, “डिझाइन माझं. हातकामाला एक मिस्त्री होता.” चहाचे कप उचलायला आत आलेला शिपाई भैरू होता. तो आमच्या गावचा, आमच्या वाड्यामागच्या आळीतला. हे तुला माहीत नव्हतं. मला त्याच दिवशी कळलं. मी तुला विचारायला आलो नाही, कारण तू नाही म्हणाला असतास आणि मला त्या ‘नाही’वर विश्वास ठेवावासा वाटला असता.

तो बोर्ड कसा झाला ते तुला आठवतं का बघ, मी विसरलेलो नाही. अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर. ग्राफपेपरवर मी सतरा वेळा नकाशा काढला, कारण एक तार दुसरीला न ओलांडता नेताच येईना. अठराव्या वेळी जमलं. तांब्याच्या पत्र्यावर रेषा ओढायला रंग हवा होता, जो ॲसिडात टिकेल आणि खालचं तांबं वाचवेल. सखूकडे नेलपॉलिश असायचं कारणच नव्हतं. तू घरून वैजयंतीवहिनींची लाल बाटली चोरून आणलीस, आणि मी काडीच्या टोकाला कापूस न लावता, नुसतं टोक तासून, साडेतीन दिवस रेषा ओढल्या. तू शेजारी बसून चिपांचं डेटाबुक वाचायचास, इंग्रजी शब्द सोडवून सांगायचास. मी डिक्शनरीत पुन्हा बघायचो. तू चिडायचास, “हौशा, माझ्यावर विश्वास नाही का?” विश्वास होता रे. नववी नापास माणसाला शब्द स्वतः बघितल्याशिवाय आपला वाटत नाही, एवढंच.

बोर्ड चालला तेव्हा पहिली कॅसेट आपण रणगाड्यांची लावली. पिवळी, एका कोपऱ्यावर टवका उडालेली. तू डावीकडून, मी उजवीकडून. शेवंताबाई दारात उभी राहून म्हणाली, “दोन बाप्ये आन् पोरांचा खेल!” आणि अर्धा तास तिथून हलली नाही.

मग वाशीतले दुरुस्तीवाले आपला माल उघडून नंबर बघून नक्कल करायला लागले, आणि आपण चिपांवरचे नंबर घासायला सुरुवात केली. ही सगळीकडेच चालणारी गोष्ट, त्यात लाज नाही. झिरो नंबरचा पॉलिश पेपर काडेपेटीला गुंडाळायचा आणि एकाच दिशेने घासायचं, म्हणजे ओरखडा दिसत नाही, नुसता धुरकट पट्टा दिसतो. हे मी तुला शिकवलं. कामाची वाटणीही आपण तेव्हाच केली. चिपा तुझ्या. आणि मशीनचा ठेका धरणाऱ्या क्रिस्टलची ती पत्र्याची डबी माझी, कारण डबी घासली की जास्तच चमकते. तिच्यावरचा आकड्याचा छाप तासून वर काळा एनॅमल द्यावा लागतो, पातळ, दोन हात, मध्ये वाळू देऊन. तुझ्या हाताला तेवढी सबुरी नव्हती. सोळा महिने आपण माल काढला. त्या सोळा महिन्यांत तू एकदाही डबीला हात लावला नाहीस.

आता हे का सांगतोय ते बघ. एक ऑक्टोबरला बाबासो गाळ्यावर आले. येऊन स्टुलावर बसले, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, “मोहिते, त्या दिवशी मी पण हसलो. ते बरं झालं न्हाई.” मी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. ते म्हणाले, “गिऱ्हाईक दिवाळीला येऊन विचारणार, खरंच बत्तीस हाय का म्हणून. आम्ही काय छातीवर हात ठेवून सांगायचं? तुम्ही बघा. बारा तारखेला पुन्हा मीटिंग ठेवलीय, त्याच हॉलला. हो का नाही एवढंच सांगा. कागदावर नको, सगळ्यांसमोर. तुम्ही नाही म्हणालात तर अडतीसच्या अडतीस दुकानं माल परत धाडणार.” आणि पिशवीतून तुझा नमुन्याचा पीस काढून माझ्या बेंचवर ठेवला. स्टेजवर होता तोच. झाकणाच्या आत तुझ्या सहीची चिठ्ठी आहे.

सहा स्क्रू. सहावा स्टिकरखाली लपवलेला. उघडल्यावर पहिली भेट झाली ती लोखंडी पट्टीशी. तळाला डिंकाने चिकटवलेली, तिचं काम काहीच नाही, मशीन हातात भारी लागावं एवढंच. वजन केलं, दोनशे दहा ग्रॅम. पट्टी उचलली आणि खाली बोर्ड. हिरव्या रंगाखाली, नव्या फॅक्टरीत छापलेला, पण रेषा कुठून निघते आणि कुठे वळते ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. अठरावा नकाशा. वरच्या उजव्या कोपऱ्यात मी एक रेषा उगाच लांबून फिरवली होती, कारण तिथे नेलपॉलिशचा थेंब पडला होता आणि मला तो चुकवून जायचं होतं. नऊ वर्षं झाली, थेंब कधीच पुसला गेला, तुमच्या कारखान्यातली रेषा अजून त्याला वळसा घालते.

दोन चिपा, चाळीस-चाळीस पायांच्या. दोन्हींवर धुरकट पट्टा. मी भिंग लावून बघितलं. तुमच्याकडे बेल्टवर साठ मुली काम करतात, त्यांतल्या कुणाही मुलीने घासलं असतं. पण त्या रेघा उजवीकडून डावीकडे झुकलेल्या होत्या, डावखुऱ्या हाताच्या, आणि एक नंबरच्या पायाजवळ दोन फराटे जास्त होते. ती तुझी सवय. नमुन्याचा पीस तू स्वतःच्या हाताने घासलास, मधुकर. टाय बांधून, डायरेक्टरच्या केबिनमध्ये, काडेपेटी घेऊन बसलास. ते बघून मला क्षणभर बरं वाटलं. खोटं का लिहू? मग हॉल आठवला, आणि बरं वाटायचं थांबलं.

आणि चिपांच्या शेजारी डबी. चकचकीत, जशी दुकानातून येते तशी. छाप अख्खा, २६.६०१. हा क्रिस्टल त्या जुन्या आठ बिटच्या चिपांच्या जोडीला, आपल्याकडच्या टीव्हीचे रंग जुळावेत म्हणून लागतो, त्याशिवाय मी तो आजवर कुठल्या मशीनमध्ये बघितलेला नाही. हॉलमध्ये झाकण उघडून तो एक आकडा वाचून दाखवला की संपलं. मी इतक्या मोठ्याने हसलो की सखू डबा उघडता उघडता थांबली. “काय झालं वो?” मी म्हटलं, दसरा आला. ती म्हणाली, “अजून धा दिस हायत. जेवा आधी.”

जेवताना मला तुझा चेहरा दिसत होता, बारा तारखेचा. खोटं सांगणार नाही, भाकरी गोड लागली.

पण हात धुताना एक गोष्ट खटकली, आणि ती रात्रभर डोक्यातून गेली नाही. तू डबी विसरलास कसा? विसरणं समजू शकतं. ते काम तुझं कधी नव्हतंच. तुझ्या हाताला चिपांची सवय, डबी हौशा करेल याची सवय. आणि आता शेजारी हौशा नाही, तेव्हा ती राहून गेली. असं असेल तर त्यासारखं दुसरं सुख नाही. सात वर्षांनी तू अडकलास तो नेमका माझ्या रिकाम्या जागेत. पण दुसरंही एक असू शकतं. दुसऱ्या दिवशी वाशीच्या भाजी मार्केटात वैजयंतीवहिनी भेटल्या. मी वळून जाणार होतो, त्यांनीच हाक मारली. “भाऊजी, आमच्या ह्यांच्यावर फार रागावलात का?” मी नाही म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. मग गवारीच्या शेंगा निवडत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हे त्या नवीन मशीनवर सही करून आले त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, बाकी कुणाला कळणार नाही, हौशा एका मिनिटात ओळखेल. आणि ओळखलं तर बरं होईल म्हणाले.”

ओळखलं तर बरं होईल.

मी गवार न घेताच घरी आलो. वहिनींच्या त्या बोलण्याने माझ्या हातातली वस्तू कुणीतरी काढून घेतल्यासारखी झाली. डबी तू विसरला नसशील, माझ्यासाठी ठेवली असशील, तर बारा तारखेला मी तुला हरवणार नाही. तू मला जिंकू देणार. एकतीस जण टाळ्या वाजवतील, आणि पहिल्या रांगेत बसून तू मनात म्हणशील, चला, मिस्त्रीचं देणं दिलं. मग घरी जाऊन तू पोटभर जेवशील. ते मी होऊ देणार नाही. तू पोटभर जेवावंस म्हणून मी अडतीस दुकानदारांसमोर उभा राहणार नाही.

तेव्हा मी दुसरा रस्ता धरला. तूच दाखवलेला. जुनी कॅसेट बसवून दाखवा, म्हणाला होतास ना माईकवर? ज्ञानेश्वरी कॉलेजातून आली की रोज दुपारी दोन तास आम्ही बसलो. तुझ्या खाचेत बहात्तर पिना आहेत, जुन्या कॅसेटला साठ. तू पिनांची जागा उलटीपालटी केलीस, म्हणून जुनी कॅसेट बसत नाही. बसवली असती तरी चालली नसती. मी मीटरची एक सुई पिनेवर आणि दुसरी चिपेच्या पायावर ठेवायचो, आवाज आला की ती वहीत जोडी लिहायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बाबा, साठ झाल्या. उरलेल्या बारा कुठेच जात नाहीत.” मी म्हटलं, परत बघ. परत बघितलं. बारा पिना नुसत्या उभ्या आहेत, लग्नात उगाच फेटा बांधून उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांसारख्या. ती इतकी हसली की वहीवर चहा सांडला. मग मी मधला जोड बनवला, एका बाजूला बहात्तर, दुसऱ्या बाजूला साठ. जोडाचा बोर्ड हाताने केला, जुन्या पद्धतीने. नेलपॉलिश या वेळी ज्ञानेश्वरीचं होतं, गुलाबी. रेषा तिने ओढल्या. माझ्यापेक्षा सरळ येतात तिच्या.

सोमवारी, सहा तारखेला, चार वाजून वीस मिनिटांनी तो जोड तुझ्या गगन-३२ मध्ये घातला आणि त्यावर पिवळी कॅसेट लावली, तीच, टवका उडालेली. टीव्हीवर आधी काळा पडदा आला, एक, दोन, तीन मोजेपर्यंत. मग रणगाडे आले. तुझ्या नव्या पिढीने आपला जुना खेळ असा लावला की जणू दुसरं काही तिला येतच नव्हतं. ज्ञानेश्वरीने घड्याळ बघितलं. मग वहीत वेळ लिहिली.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. काल मी तुझा पीस पुन्हा उघडला. डबीवरचा छाप कानशीने तासला, स्पिरिटने पुसला, आणि काळा एनॅमल दिला. पातळ, दोन हात, मध्ये वाळू देऊन. आकडा राहिला नाही. भिंगाने बघितलंस तरी मिळणार नाही. माझं काम तुला माहीत आहे. तुझ्या मशीनमध्ये जे काम माझं राहिलं होतं ते मी करून टाकलं. आता ते पुरं झालं. आत माझ्यासाठी ठेवलेलं, विसरलेलं, सुटलेलं असं काहीही उरलेलं नाही, आणि तू मला काही दिलंस असं तुला या जन्मी म्हणता येणार नाही, वहिनींनाही नाही आणि स्वतःलाही नाही. हे बाबासोंना सांगितलेलं नाही. फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं. रविवारी ये. तुझे इंजिनिअर आण, टाय बांधून ये. मीटिंग साडेदहाची आहे म्हणजे अकराला सुरू होईल, मी सव्वादहाला येऊन टीव्ही जोडून ठेवीन. मशीन बंद असेल, झाकणाला सहाही स्क्रू लावलेले असतील, तुझा स्टिकर त्याच्या जागेवर असेल. मी फक्त जोडासकट कॅसेट लावीन, आणि दुसरा कंट्रोलर तुझ्या हातात देईन, सगळ्यांसमोर. तू डावीकडून, मी उजवीकडून. हॉल बघेल. कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही, हमालांचंसुद्धा नाही. आणि स्क्रूड्रायव्हर मी त्या दिवशी घरी ठेवून येणार आहे.

तुझाच, दुसरा शब्द सात वर्षांत सापडला नाही म्हणून,
हौसेराव